ओळ नेमकी कुठे संपते?

संगणकाच्या फाइलमध्ये ओळी नसतात. असते ती एकापाठोपाठ एक ठेवलेल्या आकड्यांची एकच लांबच लांब रांग, आणि त्या रांगेत मध्येच कुठेतरी ‘इथे ओळ संपली असं समजा’ अशी खूण. ओळी आपल्याला दिसतात, कारण एडिटर ती खूण ओळखतो आणि पुढचा मजकूर खाली ढकलतो. मजकुराचे ओळीओळींत तुकडे करणं हे प्रोग्रामिंग शिकणाऱ्याच्या वाट्याला पहिल्या आठवड्यातच येणारं काम, आणि वर्षानुवर्षं कोड लिहिणारेही ज्याच्यावर अर्धा दिवस घालवतात असंही काम. दोन्हींचं कारण एकच: ही खूण नेमकी कोणती, यावर जगाचं एकमत नाही.

पश्चिम रेल्वेच्या तीन स्टेशनांची यादी घेऊ. स्क्रीनवर ती अशी दिसते:

दादर
माहीम
अंधेरी

आणि फाइलमध्ये ती अशी असते:

दादर⟨१०⟩माहीम⟨१०⟩अंधेरी⟨१०⟩

⟨१०⟩ म्हणजे दहा क्रमांकाचं अक्षर, लाइन फीड. बहुतेक भाषांच्या कोडमध्ये ते बॅकस्लॅश-एन असं लिहितात. ते छापता येत नाही, दिसत नाही, पण क, ख, ग इतकंच खरं अक्षर आहे. मजकुराची लांबी मोजली की तेही मोजलं जातं.

एक गोष्ट आधीच बाजूला काढू. सोसायटीच्या ग्रुपवर पाणीकपातीचा मोठा मेसेज आला की फोनवर तो आठ ओळींचा दिसतो, फोन आडवा धरला की पाच ओळींचा होतो. या ओळी स्क्रीनच्या रुंदीने पाडलेल्या असतात, मजकुरात त्यांचा पत्ताही नसतो. आपण बोलतोय ते मजकुरातच असलेल्या खुणेबद्दल.

आता कोडला सांगायचं, ‘या मजकुराच्या ओळी कर.’ सगळ्यात साधा मार्ग म्हणजे स्प्लिट: जिथे जिथे दहा क्रमांक दिसेल तिथे कापा. वरच्या यादीवर हे पायथन या भाषेत करून पाहिलं तर तीन नाही, चार तुकडे मिळतात: दादर, माहीम, अंधेरी आणि एक रिकामा तुकडा. शिकाऊ मंडळी इथे पहिल्यांदा अडखळतात. त्या रिकाम्या तुकड्यावर पुढचा कोड चालतो, त्यात स्टेशनचं नाव शोधतो, सापडत नाही आणि कोसळतो.

यात स्प्लिटचा दोष नाही. त्याला स्वल्पविराम सांगितला होता आणि आपल्या मनात पूर्णविराम होता. ‘दादर, माहीम, अंधेरी’ यात तीन नावं आणि दोन स्वल्पविराम. स्वल्पविराम दोघांच्या मध्ये बसतो, म्हणून अंधेरीनंतर आणखी एक स्वल्पविराम दिला की वाचणारा विचारतो, पुढचं नाव कुठाय? पूर्णविरामाचं तसं नाही. तो प्रत्येक वाक्याच्या शेवटी येतो आणि शेवटच्या पूर्णविरामानंतर एक रिकामं वाक्य सुरू झालं असं कुणी म्हणत नाही. स्प्लिट प्रत्येक खुणेला स्वल्पविराम मानतो. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या जगात मात्र ⟨१०⟩ हा पूर्णविराम आहे. पॉझिक्स या मानकात ओळीची व्याख्याच अशी आहे की शून्य किंवा अधिक अक्षरं आणि त्यानंतर ओळ संपवणारी खूण. शेवटची खूण नसेल तर ती ओळ अपूर्ण.

व्याख्येचा हा काटेकोरपणा बाबूगिरी वाटेल, पण तिचे परिणाम रोज दिसतात. यादीच्या शेवटी खूण टाकायची राहिली आणि युनिक्सच्या डब्ल्यूसी या आज्ञेने ओळी मोजल्या तर उत्तर येतं दोन, कारण ती आज्ञा ओळी मोजत नाही, खुणा मोजते. त्याहून वाईट म्हणजे पश्चिम रेल्वेच्या यादीखाली मध्य रेल्वेची यादी जोडली, आणि पहिली फाइल अंधेरीवर खुणेशिवाय संपत असेल, दुसरी ठाण्यापासून सुरू होत असेल, तर मधोमध ‘अंधेरीठाणे’ नावाचं एक स्टेशन तयार होतं. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट ‘फाइलच्या शेवटी नवी ओळ नाही’ असं जे सारखं कुरकुरतं ते याचसाठी. ती सूचना उगीच किरकोळ वाटते, तिच्याकडे दुर्लक्ष करू नये.

पायथनमध्ये स्प्लिटलाइन्स नावाचं वेगळं फंक्शन आहे. ते खुणेला पूर्णविराम मानतं, म्हणून आपल्या यादीचे बरोबर तीन तुकडे देतं. अगदी रिकाम्या मजकुरावरही दोघांचं उत्तर वेगळं: स्प्लिट म्हणतं एक रिकामी ओळ आहे, स्प्लिटलाइन्स म्हणतं ओळच नाही. जावाचं स्प्लिट तिसऱ्याच वाटेनं जातं. शेवटी कितीही रिकाम्या ओळी असल्या तरी ते सगळ्या गुपचूप टाकून देतं, त्यामुळे यादीखाली मुद्दाम सोडलेल्या दोन रिकाम्या ओळी गायब होतात. आणि नाव सारखं म्हणून काम सारखं, असंही धरून चालत नाही. जावा ११ मध्ये, म्हणजे २०१८ साली, लाइन्स नावाची पद्धत आली. कॉटलिनमध्ये त्याच नावाची आधीपासून होती. ‘दादर⟨१०⟩’ एवढा मजकूर दिला तर जावा एक ओळ सांगतं, कॉटलिन दोन. दोन्ही भाषा एकाच प्रोजेक्टमध्ये नांदत असतात, त्यामुळे हा फरक पुस्तकात राहत नाही.

इथवर आपण खूण म्हणजे दहा असं धरलं. गाडी रुळावरून घसरते ती यापुढे.

टाइपरायटर ज्यांनी वापरलाय त्यांना ओळ संपल्यावरची हालचाल आठवेल. मराठी ३० आणि इंग्रजी ४० ची परीक्षा देण्यासाठी दादर-परळच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये बसलेल्या मुलामुलींचा डावा हात दर ओळीला त्या दांड्याकडे जायचा. विक्रोळीच्या गोदरेजने १९५५ पासून भारतात टाइपरायटर बनवले, त्यांनाही तोच दांडा होता. तो एकदा ओढला की दोन कामं व्हायची: कागद एक ओळ वर सरकायचा आणि कॅरेज पुन्हा सुरुवातीला यायचं. टेलिप्रिंटरमध्ये माणसाचा हात नव्हता, म्हणून ही दोन कामं दोन वेगळ्या आज्ञा झाल्या. ‘सुरुवातीला जा’ म्हणजे कॅरेज रिटर्न, क्रमांक १३. ‘एक ओळ खाली जा’ म्हणजे लाइन फीड, क्रमांक १०. १९६३ साली आलेलं टेलिटाइप मॉडेल ३३ सेकंदाला दहा अक्षरं छापायचं. उजव्या टोकाहून डावीकडे परतायला एका अक्षराच्या वेळेपेक्षा जास्त वेळ लागायचा, म्हणून आधी १३ पाठवायचं आणि मग १०. कागद सरकेपर्यंत छापणारा भाग जागेवर पोचायचा.

यंत्रं गेली, आज्ञा राहिल्या. मल्टिक्स ही जुनी ऑपरेटिंग सिस्टीम आणि तिच्या मागून आलेली युनिक्स यांनी ठरवलं की फाइलमध्ये एकट्या १० वर भागवू, छपाईयंत्राला काय हवं ते ड्रायव्हर बघून घेईल. सीपी/एम, तिच्यावरून डॉस आणि डॉसवरून विंडोज यांनी ⟨१३⟩⟨१०⟩ ही जोडी जशीच्या तशी ठेवली. जुन्या मॅकिंटॉशने एकटा १३ निवडला आणि २००१ मध्ये मॅक ओएस टेन युनिक्सच्या पायावर उभी राहीपर्यंत तेच चालवलं. ईमेल पाठवण्याचा एसएमटीपी प्रोटोकॉल आणि वेबच्या एचटीटीपी १.१ ची हेडरं आजही जोडीच मागतात. आणि विंडोजच्या नोटपॅडला एकट्या १० च्या ओळी नीट दाखवता यायला २०१८ साल उजाडावं लागलं. तोपर्यंत लिनक्सवरून आलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडली की सगळा मजकूर एकाच ओळीत चिकटलेला दिसायचा.

आता विंडोजवर तयार झालेली फाइल लिनक्स सर्व्हरवर गेली आणि तिथे कोडनं फक्त १० वर कापलं, तर प्रत्येक तुकड्याच्या शेपटीला एक न दिसणारा ⟨१३⟩ चिकटून राहतो. यातून होणारा घोळ जवळून पाहण्यासारखा आहे. समजा प्रत्येक ओळीत नाव, विभाग आणि पिनकोड असा क्रम आहे:

सावित्री,दादर पूर्व,४०००१४⟨१३⟩

स्वल्पविरामावर तोडलं की नाव ठीक, विभाग ठीक, पिनकोड मात्र ‘४०००१४⟨१३⟩’. स्क्रीनवर छापून पाहिलं तर ४०००१४ असाच दिसतो. पिनकोड सहा अंकी आहे का ही तपासणी म्हणते, नाही, सात अक्षरं आहेत. दोन पिनकोड सारखे आहेत का विचारलं तर नाही म्हणते, आणि समोर मात्र दोन तंतोतंत सारखे आकडे. माणूस डोळे चोळत बसतो. माझ्याकडे असली तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी एवढंच विचारते: बिघाड फक्त शेवटच्या रकान्यात आहे का? हो म्हटलं की बाकी काही बघायची गरज उरत नाही. ⟨१३⟩ ओळीच्या शेवटी असतो, म्हणून शेवटचाच रकाना नासतो. दुसरी ओळखीची खूण म्हणजे अशा तुकड्यापुढे काही जोडून टर्मिनलवर छापलं की पुढचा मजकूर मागच्यावर चढतो. ⟨१३⟩ आपलं १९६३ चं काम इमानेइतबारे करत असतो, कर्सरला ओळीच्या सुरुवातीला नेऊन ठेवतो. विंडोजवर लिहिलेली शेल स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी असलेली फाइल, लिनक्सवर ‘असा इंटरप्रिटरच नाही’ म्हणून अडते, तेही यामुळेच. पहिल्या ओळीत ती चालवणाऱ्या प्रोग्रामचं, बॅशचं, नाव असतं, त्याला ⟨१३⟩ चिकटलेला असतो आणि त्या नावाचा प्रोग्राम जगात कुठेच नसतो.

यावर घाईघाईत केला जाणारा इलाज म्हणजे ‘१३ दिसो वा १०, दोन्हीवर काप’. मग ⟨१३⟩⟨१०⟩ या जोडीवर दोनदा कात्री चालते आणि दर दोन ओळींमध्ये एक रिकामी ओळ उगवते. जोडी आधी तपासायची, ती नसेल तर एकटे १३ किंवा १० तपासायचे, हा क्रम सोडून चालत नाही. रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरात शोधायचा नमुना, लिहितानाही पर्याय याच क्रमाने मांडायचे. गो आणि रस्ट या भाषांतली तयार साधनं १० वर कापतात आणि त्याआधी चिकटलेला एक १३ असेल तर तो काढून टाकतात. जुन्या मॅकचा एकटा १३ त्या ओळ मानत नाहीत. मला हा निवाडा शहाणपणाचा वाटतो. एकट्या १३ च्या फाइली आता क्वचितच हाती येतात, आणि आल्याच तर त्या कळलेल्या बऱ्या. जावास्क्रिप्टमध्ये तर ओळी पाडायचं वेगळं फंक्शनच नाही, ज्याने त्याने आपली कात्री आपण घडवायची.

खूण कापल्यावर ती तुकड्याबरोबर ठेवायची की फेकायची, हाही प्रश्न उरतो. पायथन फाइल ओळीओळीने वाचताना ती ठेवतो, रुबीचं लाइन्सही ठेवतं. प्रत्येक ओळ छापली की मध्ये एक रिकामी ओळ येतेय अशी तक्रार असेल तर मजकुरातली एक खूण आणि प्रिंटने घातलेली दुसरी, असा तो दुहेरी हिशोब आहे. तेव्हा स्ट्रिपने दोन्ही बाजूंची झाडलोट करायची सवय अनेकांना असते. त्यात ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागाही जाते. यादीला फरक पडत नाही. कविता किंवा पायथनचाच कोड असेल तर मात्र वाट लागते. उजवीकडून फक्त १३ आणि १० काढायचे, एवढंच.

आता पायथनच्या स्प्लिटलाइन्सकडे परत येऊ, कारण वर मी त्याचं कौतुक केलं आणि तेवढ्यावर सोडलं तर अर्धवट होईल. ते फार उदार आहे. १०, १३ आणि त्यांची जोडी यांच्यावर तर ते कापतंच, पण त्याशिवाय ११ व १२ क्रमांकांवर, २८ ते ३० क्रमांकांच्या विभाजकांवर, १३३ वर, आणि यूनिकोडने ओळ व परिच्छेद यांच्यासाठी दिलेल्या दोन स्वतंत्र चिन्हांवरही कापतं. (ही दोन चिन्हं आणताना जुना गोंधळ मिटेल अशी आशा होती. गोंधळात दोन चिन्हांची भर पडली.) तोच पायथन फाइल उघडून ओळीओळीने वाचतो तेव्हा मात्र फक्त पहिल्या तिघांनाच मानतो. म्हणजे एका भाषेत, एका फाइलवर, दोन सरळमार्गी पद्धती आणि दोन उत्तरं.

ही पुस्तकी बारकाई नाही. मंत्रालयातून निघालेल्या एखाद्या जीआरची पीडीएफ घ्या आणि पीडीएफटूटेक्स्टने तिचा साधा मजकूर करा. हे साधन प्रत्येक पानाच्या शेवटी क्रमांक १२ टाकतं, त्याला फॉर्म फीड म्हणतात, ‘नवं पान घे’ ही छपाईयंत्राची जुनी आज्ञा. स्प्लिटलाइन्सने तोडलं तर दर पानाला एक जादा रिकामी ओळ निघते. फाइल ओळीओळीने वाचली तर ती निघत नाही, उलट पुढच्या पानाच्या पहिल्या शब्दाला ⟨१२⟩ चिकटून येतो. चाळीस पानांच्या जीआरमध्ये शेवटाकडे पोचेपर्यंत दोघांचे ओळ क्रमांक चाळीसेक ओळींनी चुकलेले असतात. एकाने ‘ओळ क्रमांक अमुक’ असा दाखला दिला आणि दुसऱ्याने आपल्या पद्धतीने ती उघडली, की बघा मजा.

पण मराठी लिहिणाऱ्यांसाठी खास राखून ठेवलेला खड्डा १३३ क्रमांकात आहे. ही आयबीएमच्या जुन्या मोठ्या मशीनकडून वारशानं आलेली ‘पुढची ओळ’ खूण. आता बघा. अक्षरं फाइलमध्ये आकड्यांनी कशी मांडायची या पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात, आणि ० ते २५५ मधल्या एका आकड्याला बाइट. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं. ‘अ’ चे तीन बाइट आहेत २२४, १६४, १३३. शेवटचा पुन्हा वाचा.

यूटीएफ-८ म्हणून वाचलं तर काहीच अडचण नाही, तिन्ही बाइट मिळून ‘अ’ बनतो. घटनाक्रम साधारण असा असतो. विंडोजवर पायथनला एन्कोडिंग सांगितलं नाही तर बऱ्याच मशीनवर तो विंडोज-१२५२ हा इंग्रजी-युरोपीय अक्षरांचा तक्ता गृहीत धरतो. त्या तक्त्यात १४१ क्रमांकाची जागा रिकामी आहे, आणि आपल्या हलन्ताचा शेवटचा बाइट नेमका १४१. म्हणून पहिलं जोडाक्षर आलं की प्रोग्राम एरर देऊन थांबतो. मग कुणीतरी सुचवतं, एन्कोडिंग लॅटिन-१ कर, एरर जाईल. एरर जाते, कारण लॅटिन-१ मध्ये २५६ पैकी प्रत्येक बाइटला काही ना काही अर्थ आहे. ते कधीच तक्रार करत नाही. त्यात १३३ चा अर्थ मात्र ‘पुढची ओळ’. स्प्लिटलाइन्स आपल्या यादीवर चाललं की दादर शाबूत, माहीम शाबूत, आणि अंधेरीतला ‘अ’ मधोमध कापला जाऊन तीनाच्या चार ओळी. अंबरनाथचं तेच, अध्यक्षांचं तेच, अर्जाचं तेच. देवनागरीत शेवटी १३३ असलेलं दुसरं चिन्ह म्हणजे ॅ ही खूण, त्यामुळे टॅक्सी, बॅग, कॅन्टीनही तुटतात. ‘आ’ आणि ‘इ’ वाचतात. यादीतली अमुकच नावं का तुटतात हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण अक्षरांकडे बघून त्याचं उत्तर मिळत नाही. ते बाइटांत असतं.

यूटीएफ-८ चा यात काही दोष नाही, उलट १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ते रचताना ही काळजी घेतली होती. एकाहून जास्त बाइटांच्या अक्षरातला प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा असतो. त्यामुळे १० किंवा १३ हा बाइट कुठल्याही मराठी अक्षराच्या पोटात सापडूच शकत नाही. यूटीएफ-८ फाइल कच्च्या बाइटांवर, फक्त १० बघून कापली तरी एकही अक्षर दुखावत नाही.

यूटीएफ-१६ या दुसऱ्या एन्कोडिंगला हे संरक्षण नाही. एक्सेलमध्ये ‘यूनिकोड टेक्स्ट’ असा सेव्ह करायचा पर्याय आहे, त्यातून निघणारी फाइल यूटीएफ-१६ ची असते आणि रकाने टॅबने वेगळे केलेले असतात. साधी सीएसव्ही, म्हणजे रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेली फाइल, केली की मराठीची प्रश्नचिन्हं होतात, म्हणून पुष्कळ जण हा पर्याय धरतात. या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाच्या दोन बाइटांपैकी एक हमखास ९ असतो. आणि टॅबचा क्रमांक ९. ‘ऊ’ चे बाइट तर आहेत १० आणि ९, म्हणजे नवी ओळ आणि टॅब. कुणी अशी फाइल कच्च्या बाइटांवर कापायला घेतली तर प्रत्येक अक्षरावर रकाना बदलतो आणि ऊस, ऊन, ऊर्जा अशा शब्दांवर ओळही बदलते. म्हणून क्रम ठरलेला ठेवावा: आधी बाइटांची अक्षरं करायची, एन्कोडिंग नेमकं सांगून, आणि मगच ओळी पाडायच्या.

फाइल मोठी असली की ती पूर्ण मेमरीत घेऊन तोडण्याऐवजी थोडी थोडी वाचत जायचं, हे सांगायला नको. तिथली गोम एवढीच की वाचलेला तुकडा ⟨१३⟩ वर संपू शकतो आणि त्याचा जोडीदार ⟨१०⟩ पुढच्या तुकड्यात असू शकतो. स्वतः लूप लिहिणाऱ्याने ते लक्षात ठेवायला हवं, नाहीतर हजारो ओळींत कुठेतरी एक जादा रिकामी ओळ निघते आणि ती पुन्हा करून दाखवता येत नाही. भाषेसोबत आलेला रीडर हे सांभाळतो, तोच वापरावा. फक्त ओळ किती लांब असू शकते याबद्दल त्याचं काय मत आहे ते पाहावं. गोमधला स्कॅनर वेगळं काही सांगितलं नाही तर ६४ किलोबाइटवर थांबतो, आणि अख्खा जेसॉन एकाच ओळीत कोंबलेली फाइल आली की ‘टोकन फार लांब’ म्हणतो. सी भाषेतल्या गेट्स या ओळ वाचणाऱ्या फंक्शनला असली मर्यादाच नव्हती. ओळ संपेपर्यंत ते वाचत जायचं, जागा संपली तरी. १९८८ मध्ये इंटरनेटवर आपोआप पसरलेल्या मॉरिस वर्म या प्रोग्रामने फिंगर या सेवेत शिरताना हीच फट वापरली. २०११ च्या मानकातून गेट्स काढून टाकलं.

शेवटी राहिला तो प्रसंग, जिथे ओळी पाडायच्याच नसतात. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका सभासदांची यादी एक्सेलमध्ये ठेवतात. मतदारयादीसारखा एकेक पत्ता त्यांना नीटनेटका हवा असतो, म्हणून एकाच खान्यात ऑल्ट आणि एंटर दाबून ते पत्त्याच्या तीन ओळी करतात: खोली व मजला, इमारत, विभाग. सीएसव्ही केली की तो खाना दुहेरी अवतरणचिन्हांत जातो आणि आतल्या ओळी तशाच राहतात.

‘अगं, तुझ्या प्रोग्रामनं सभासद तिप्पट केले. एवढी वर्गणी आली असती तर लिफ्ट नसती का बसवली?’ असं काका म्हणाले होते ते कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या भाचीला. तिनं फाइल ओळींवर तोडून मग स्वल्पविरामावर तोडली होती. सीएसव्हीत एक ओळ म्हणजे एक नोंद नव्हे. अवतरणचिन्ह उघडं असेतोवर ⟨१०⟩ हा पत्त्याचाच भाग असतो, आणि हे कळायला फाइल सुरुवातीपासून अवतरणं मोजत वाचावी लागते. कुठलंही स्प्लिट ते करत नाही.

विंडोजवरच्या एक्सेलमधून आलेल्या फाइलीत नोंदीच्या शेवटी ⟨१३⟩⟨१०⟩ असतं आणि खान्याच्या आत नुसतं ⟨१०⟩. त्यामुळे फक्त जोडीवर कापलं तर काम होतं, आणि भाचीनं लगेच तोच तोडगा काढला. मी तिला तो काढून टाकायला लावला. गिटमधून किंवा एखाद्या एडिटरमधून फाइल एकदा गेली आणि त्यांनी सगळ्या खुणा एकसारख्या करून ठेवल्या की आतली ओळ आणि बाहेरची ओळ यांतला फरक कायमचा पुसला जातो. पायथनचा सीएसव्ही रीडर वापरायचा, फाइल उघडताना न्यूलाइन या पर्यायाला रिकामी स्ट्रिंग, म्हणजे रिकामा मजकूर, द्यायची म्हणजे पायथन मधल्यामध्ये खुणा बदलत नाही, आणि सभासद किती हेही रीडरने दिलेल्या नोंदी मोजूनच सांगायचं. डब्ल्यूसीचा आकडा तिथे पत्त्यांचे मजले आणि इमारतीही मोजत असतो.